आभासी दृश्य आणि बालकाचे शरीर

अलीकडे काही प्राथमिक शाळांतून आभासी वास्तवाचे संच येऊ लागले आहेत. डोळ्यांवर पेटीसारखे साधन बांधले, की वर्गात बसलेल्या बालकास सागराचा तळ किंवा किल्ल्याचा तट आपल्या सभोवार पसरलेला दिसतो. हे साधन ज्ञानवर्धक आहे, यात शंका नाही. तथापि त्या वेळी बालकाच्या शरीरात काय घडते, हे शिक्षकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाच्या हातून एकदा चूक घडली. एका शाळाभेटीत पाचवीतील एक मुलगी मध्येच संच काढू लागली. “घाबरतेस काय? पुरते पाहून घे,” असे मी तिला दरडावले. तिने मुकाट्याने ऐकले आणि दोनच मिनिटांत तिला वांती झाली. मुलीचा भित्रेपणा म्हणून मी ज्याची गणना केली, ते वस्तुतः माझे अज्ञान होते.

एस.टी.त पुस्तक वाचू लागल्यास अनेकांना गाडी लागते. आपल्या प्रत्येक कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मान वळल्याचे मेंदूस कळते. शेजारच्या दोन सूक्ष्म पिशव्यांवरून पुढे-मागे व वर-खाली होणारी गती कळते. गाडीत कान सांगतो, ‘आपण हलत आहोत’. पुस्तकावर खिळलेला डोळा सांगतो, ‘आपण स्थिर आहोत’. आभासी दृश्यात नेमके याच्या उलट होते : डोळा धावतो, कान स्थिर असतो. या विसंवादातून घाम, जांभया, घेरी व मळमळ उद्भवतात. ज्यांच्या आंतरकर्णाचे हे कार्य दोन्ही बाजूंनी पूर्णपणे नष्ट झालेले असते, त्यांना गाडी लागत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

‘हे खरे नाही’ असे बुद्धीस ठाऊक असूनही शरीर फसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना सुमारे २० फूट खोल आभासी खड्ड्याच्या काठी उभे केले. जमीन सपाट होती. तरीही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. पायाखाली सुमारे दीड इंच उंचीची लाकडी फळी ठेवताच ते अधिकच वाढले.

डोळ्यांवरही ताण पडतो. वस्तू जवळ भासली, की दोन्ही बुबुळे आत वळतात. परंतु भिंगांमुळे नजर मात्र एकाच ठरावीक अंतरावर स्थिरावावी लागते.

सबब शिक्षकांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. संचाच्या पुस्तिकेतील वयोमर्यादा प्रथम पाहावी. फेफरे येणाऱ्या बालकास वैद्यकीय सल्ल्याविना संच देऊ नये.

२. बालकास खुर्चीवर बसवावे. आरंभी काही मिनिटेच व संथ दृश्य दाखवावे.

३. चेहरा पांढरा पडणे, जांभया येणे अथवा बालक अबोल होणे, यांपैकी काही दिसताच संच काढावा व मोकळ्या हवेत दूरवर पाहण्यास सांगावे.

४. तोल सावरेपर्यंत पळू अथवा जिना उतरू देऊ नये.

‘गुरुजी, पुरे’ असे बालकाने म्हणताच पाठ तेथेच थांबवावा. त्याला काय होत आहे, हे आपल्याआधी त्याच्या शरीरास कळलेले असते.