ओल, बुरशी आणि दमा

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते आणि घरातल्या दमेकऱ्याचा खोकला वाढतो. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचे. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोचतात. निरोगी माणसात संरक्षक पेशी ते गिळून टाकतात. काही दमेकऱ्यांत मात्र उंदीर मारायला घर पेटवावं तसं होतं: प्रतिकारशक्ती खवळते, रक्तातलं आयजीई हे अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड भरमसाट वाढतं, घट्ट तपकिरी कफाचे बोळे श्वासनलिका तुंबवतात. हाच एबीपीए, म्हणजे अ‍ॅस्परजिलसच्या अ‍ॅलर्जीने होणारा फुप्फुसाचा आजार. तो क्षयासारखा भासतो आणि कित्येकांना आधी क्षयाचीच औषधं मिळतात, याची फार हळहळ वाटते. ‘ड’ जीवनसत्त्व अशा खवळलेल्या पेशींना आवरतं, असं २०१० मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या पेशींवर दिसलं. कमतरता असेल तर ती भरून काढावीच. पण स्टेरॉइड आणि बुरशीविरोधी औषधांची जागा ते घेत नाही.