झोपेतल्या श्वासांचा हिशेब

कोणी मोठ्याने घोरू लागले की “काय ढाराढूर झोपलाय!” असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक घोरणे ही गाढ झोपेची नव्हे, तर घशातील श्वासमार्ग अरुंद झाल्याची खूण आहे. जागेपणी घशाचे स्नायू हा मार्ग उघडा ठेवतात; झोपेत ते सैल पडतात. काही जणांत तो मार्ग पूर्णच मिटतो. घोरणे एकाएकी थांबते, रक्तातील ऑक्सिजन घटू लागतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठा आवाज करीत श्वास पुन्हा सुरू होतो. या विकाराला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणजे झोपेतील श्वासरोध म्हणतात.

एका रात्रीत असे शेकडो वेळा घडू शकते. सकाळी मात्र रुग्णाला त्यातले बहुधा काहीच आठवत नाही. दिवसा पेंग येते, वाहन चालवताना डुलकी लागून अपघात होऊ शकतो, आणि उच्च रक्तदाबाशीही या विकाराचा संबंध आहे. ज्याला रोग आहे तोच त्याचा साक्षीदार नाही. मग निदान करायचे कसे?

पहिली माहिती मिळते ती घरच्यांकडून. तिच्या जोडीला प्रश्नावल्या असतात. ऑस्ट्रेलियातील मरे जॉन्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एपवर्थ मापनश्रेणीत वाचताना, दूरदर्शन पाहताना, प्रवासात अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण म्हणजे दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. परंतु पेंग येण्याची कारणे अनेक असतात, आणि श्वासरोध असूनही पेंग न येणारे रुग्णही असतात. म्हणून प्रश्नावलीतून संशय बळावतो, निदान होत नाही. त्यासाठी मोजमापच हवे.

१९६५ साली फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांच्या मेंदूलहरी आणि श्वास यांची एकत्र नोंद घेतली, तेव्हा श्वास वारंवार थांबत असल्याचे आलेखावर दिसले. आजची ‘पॉलिसोम्नोग्राफी’ ही तपासणी याच पद्धतीचा विस्तार आहे. रुग्ण एक रात्र प्रयोगशाळेत झोपतो. डोके, डोळ्यांच्या कडा व हनुवटी येथे चिकटवलेल्या विद्युत्‌अग्रांवरून झोप केव्हा लागली, कोणत्या अवस्थेत आहे, केव्हा मोडली ते कळते. नाकाजवळची संवेदके हवेचा प्रवाह मोजतात. बोटावरचा ऑक्सिमीटर तांबडा व अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतो. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते.

छाती व पोटावरचे पट्टे आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवतात. नाकातून हवा जात नाही, पण छाती-पोट धडपडते आहे, तर अडथळा घशात आहे. छाती-पोटही स्तब्ध असेल, तर श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून आलेली नाही. दोन्ही प्रकारांत श्वास थांबतो, पण उपचार वेगळे असतात.

आता हिशेब. प्रौढांमध्ये हवेचा प्रवाह किमान १० सेकंद ९० टक्के किंवा अधिक घटला तर तो श्वासरोध. प्रवाह किमान ३० टक्के घटून त्यासोबत ऑक्सिजनही उतरला किंवा झोप मोडली, तर तो अल्पश्वास. दोहोंची बेरीज करून तिला झोपेच्या तासांनी भागायचे. भागाकार ५ ते १५ च्या आत असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० च्या आत मध्यम, ३० किंवा अधिक तर तीव्र.

या भागाकारातला छेद नीट पाहिला पाहिजे. घरी करायच्या सुटसुटीत चाचणीत बहुधा मेंदूलहरी नोंदल्या जात नाहीत. त्यामुळे झोपेचे नेमके तास कळत नाहीत आणि नोंदीच्या एकूण तासांनी भागावे लागते. समजा, ८ तासांच्या नोंदीत १०० घटना आढळल्या. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, अर्थात सौम्य. परंतु तो माणूस प्रत्यक्षात ५ तासच झोपला असेल, तर उत्तर २०, म्हणजे मध्यम! शिवाय केवळ झोप मोडणारे अल्पश्वास या चाचणीत निसटतात. म्हणूनच लक्षणे ठळक असताना घरची चाचणी निर्दोष आली, तर प्रयोगशाळेतील तपासणी करून घ्यावी लागते.

मुलांसाठी मोजपट्टी अधिक कडक आहे: तासाला एक घटनाही दखल घेण्याजोगी मानतात. वाढलेले टॉन्सिल व नाकामागील अ‍ॅडेनॉइड ग्रंथी हे त्यांच्यातील नेहमीचे कारण. अशी मुले पेंगतीलच असे नाही. उलट ती चुळबुळी, चिडखोर, लक्ष न लागणारी दिसू शकतात. तेव्हा अशा मुलाला ‘आळशी’ किंवा ‘द्वाड’ ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी पालकांना एवढे जरूर विचारावे, असे आम्ही सुचवू: हा रोज घोरतो का? तोंड उघडे टाकून झोपतो का? घोरता घोरता मध्येच गप्प होतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दाखवायला सांगावे.