पकडलेल्या रंगाचे पुढे काय?

मुरगूडला वळसा घालून जाणारी वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. इचलकरंजीवरून येणारी पंचगंगाही नृसिंहवाडीला कृष्णेतच येते. कागल तालुक्यातल्या उसाच्या रानातून निघालेले पाणी आणि इचलकरंजीच्या कापड प्रोसेसमधून निघालेले रंगीत पाणी असे शेवटी एकाच पात्रात जाते. तो रंग पाण्यातून काढून घेणाऱ्या नॅनोकंपोझिट पदार्थांवर आज देशभरातल्या प्रयोगशाळांत काम चालते. ते काम खरे आहे आणि गरजेचेही आहे. मात्र असा पदार्थ किती रंग धरतो एवढ्यावरच त्याची परीक्षा संपते, हे मला पटत नाही. धरलेला रंग सोडून तो किती वेळा पुन्हा कामाला येतो आणि शेवटी त्याची विल्हेवाट कशी लागते, यावर त्याची लायकी ठरायला हवी.

या पदार्थांचे काम अधिशोषणावर चालते. पाण्यातला रंगाचा किंवा जड धातूचा कण घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो. त्यामुळे पृष्ठभाग जितका मोठा, तितकी चिकटायला जागा जास्त. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम 6 चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे 10 नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर, म्हणजे जवळपास सहा गुंठे होतो. अडचण अशी की, इतके बारीक कण पाण्यात एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि मग पाण्यातून बाहेर काढता येत नाहीत. म्हणून त्यांना कोळसा, चिकणमाती किंवा कोळंबीच्या सालीपासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या आधारावर बसवतात. हाच नॅनोकंपोझिट. आधारावर लोहाचा चुंबकीय ऑक्साइड बसवला असेल तर काम आणखी सोपे होते. मिथिलीन ब्लूच्या निळ्याशार पाण्यात चिमूटभर काळी पूड टाकून बीकर हलवत ठेवायचा आणि थोड्या वेळाने बाहेरून लोहचुंबक लावायचा. पूड काचेच्या त्या बाजूला जाऊन बसते आणि उरलेले पाणी नितळ दिसते.

अनेक शोधनिबंध इथेच थांबतात, आणि खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. बीकरमध्ये ऊर्ध्वपातित पाणी आणि एकच रंग असतो. प्रोसेसच्या सांडपाण्यात अनेक रंग, अल्कली, साबण आणि रंग बसवण्यासाठी घातलेले भरपूर मीठ असते. चिकटण्याच्या जागेसाठी ही सगळी मंडळी रंगाशी स्पर्धा करतात, त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा तिथे टिकेलच असे नाही. दुसरे म्हणजे, अधिशोषणाने रंग नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. पूड भरली की ती आम्लाने, अल्कलीने किंवा अल्कोहोलने धुवावी लागते, आणि त्या धुवणाचा घट्ट रंगीत द्रवही कुणाला तरी हाताळावा लागतो. हा हिशेब मांडला नाही, तर नदीतले विष आपण फक्त गोणीत भरून ठेवलेले असते.

यावर कुणी म्हणेल, मग हा खटाटोप हवाच कशाला? उत्तर आपल्याच देशात आहे. आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कायटोसान आणि धातूंच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडपासून असे संमिश्र पदार्थ साध्या तापमानाला, पाण्यातच तयार केले. त्यावर आधारलेले आर्सेनिक काढणारे फिल्टर बंगालसारख्या भागात प्रत्यक्ष वापरात आले. ते यशस्वी झाले याचे कारण काम नेमके होते: एक ठरावीक प्रदूषक, थोड्या प्रमाणात, पिण्याच्या पाण्यातून काढणे. नॅनोकण स्वतःच पाण्यात उतरतील ही भीतीही रास्त आहे. म्हणून कण आधाराला घट्ट धरून राहतात की नाही आणि गाळलेल्या पाण्यात लोह किंवा चांदी किती उतरते, हे मोजल्याशिवाय कोणताही पदार्थ घरात येऊ नये.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: नदीचा मुख्य प्रश्न रंग नसून मैला आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. ती पिण्याच्या पाण्यात मिसळलेल्या मैल्यातून पसरणाऱ्या विषाणूची साथ होती, रंगाची नव्हे. रंग धरणाऱ्या पुडीने ती अडली नसती. पंचगंगेवरचा मोठा भार शहरांच्या मैलापाण्याचा आहे, आणि त्याला मैलाशुद्धीकरण केंद्राशिवाय इलाज नाही. नॅनोकंपोझिटची जागा त्याच्यानंतर, शेवटच्या टप्प्यात किंवा थेट प्रोसेसच्या नळाशी आहे. नदीत पूड ओतून नदी साफ होत नाही.

राहिला खर्च. इथे मात्र हा भाग नशीबवान आहे. बिदरी आणि हमिदवाड्याच्या साखर कारखान्यांत गाळपाच्या हंगामात बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतो. त्यातला बहुतेक बॉयलरमध्ये जळतो, पण त्यापासून कोळशाचा आधार तयार करता येतो आणि राखेतून सिलिका मिळते. या आधारावर लोहाचा ऑक्साइड बसवायला महागडी यंत्रे लागत नाहीत, लोहाचे क्षार आणि अल्कली पुरतात. तेव्हा इथल्या विद्यार्थ्याने प्रकल्प घ्यायचा तर मिथिलीन ब्लूची बाटली बाजूला ठेवून प्रोसेसचे खरे सांडपाणी आणावे, तीच पूड पाच-दहा वेळा धुऊन वापरावी, आणि दर फेरीचा आकडा धुवणाच्या मोजमापासह छापावा, उतरता असला तरी.