ट्रकच्या गावात सायकलची पिशवी का भिजावी?

2025 चा मोसमी पाऊस 24 मेलाच केरळात दाखल झाला. 2009 नंतर तो इतक्या लवकर कधी आला नव्हता. पावसाळी खरेदी जूनमध्ये बघू म्हणणाऱ्यांना सवड मिळालीच नाही.

हुबळी ते धारवाड अंतर वीसेक किलोमीटर. तेवढ्यासाठी चिगरी बस आहे. पण उणकलहून गोकुळ रोडला कामावर जाणाऱ्याला सायकल पुरते. अडतं ते लॅपटॉप आणि डब्यापाशी.

पाठीवरच्या सॅकला रेनकव्हर चढवलं की काम झालं, हा समज खोटा आहे. कव्हर पाठीकडून उघडंच असतं आणि रेनकोटवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं. कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीवर तर खालूनही मारा होतो. मडगार्ड आखूड असेल, तर चाक काळ्या मातीचा राडा थेट तिच्यावर उडवतं.

यावरचा उपाय एका जर्मन तरुणाला सुचला तो ट्रक बघून. हार्टमुट ऑर्टलीब इंग्लंडमध्ये भर पावसात सायकल हाणत होता. त्याचं सामान भिजलं आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकांचा माल ताडपत्रीखाली कोरडा. घरी परतून त्याने आईच्या शिलाई मशीनवर ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी काढली. पुढे शिवणही गेली. जोड उष्णतेने चिकटवले जाऊ लागले. कारण कापड कितीही पक्कं असलं, तरी सुईचं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असते.

म्हणून दुकानात आधी पिशवी उलटी करून आतले जोड बघावेत. शिवण दिसली तर तिच्यावर पट्टी चिकटवलेली हवी. चेनपेक्षा तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी बरी, मात्र किमान तीन वळसे बसले पाहिजेत. ठासून भरली की ते बसत नाहीत. लेबलवर आयपीएक्स 4 म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हूक आपल्या कॅरिअरच्या सळईत बसतो का आणि पॅडल मारताना टाच पिशवीला लागते का, हेही तिथेच तपासावं. ओला रेनकोट आत कोंबू नये. जी पिशवी पाणी आत येऊ देत नाही, ती बाहेरही जाऊ देत नाही.

आयात पिशव्यांची जोडी काही हजारांना पडते, तो भाव सगळ्यांना झेपणारा नाही. पण व्हीआरएलसारख्या मालवाहतूक कंपनीचं मुख्यालय ज्या हुबळीत आहे, तिथे ताडपत्रीचे जोड चिकटवणारे कारागीर का मिळू नयेत? कुणी तरी त्यांना सायकलचं माप द्यायला हवं.

पिशवी कुठूनही घ्या. पहिल्या दिवशी आत लॅपटॉपऐवजी जुनं वर्तमानपत्र ठेवा आणि वरून बादलीभर पाणी ओता. कागद ओला निघाला, तर पिशवी दुकानदाराला परत करा.