पेटंट दावा आणि पूर्वप्रसिद्धी : बजाज-टीव्हीएस वादाच्या संदर्भात

पेटंट प्राप्त झाले म्हणजे शोधाच्या नावीन्यावर कायमची मोहोर उमटली, असा समज महाविद्यालयीन वर्तुळात सर्रास आढळतो. पेटंट अधिनियम, १९७० मधील कलम १३ चे पोटकलम ४ हा समज खोडून काढते. कार्यालयीन तपासणीने पेटंटच्या वैधतेची हमी मिळत नाही. कलम ६४ अन्वये ते पुढेही रद्द होऊ शकते.

रद्द करण्याच्या कारणांपैकी पूर्वप्रसिद्धी हे सर्वांत धारदार होय. समजा, लवचिक सर्किट बोर्ड तयार करण्याच्या पद्धतीवरील दाव्यात तीन घटक आहेत : पॉलिइमाइडचा पातळ पापुद्रा, त्यावर गोंदाविना बसविलेला तांब्याचा थर आणि विशिष्ट तापमानमर्यादा. हे तिन्ही घटक एकाच जुन्या लेखात एकत्र वर्णिलेले असतील, तर नावीन्य संपते. दोन घटक एका लेखात व तिसरा दुसऱ्या लेखात असल्यास मात्र प्रश्न नावीन्याचा राहत नाही. तो जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते काय, असा होतो. या दोन कसोट्यांची गल्लत वारंवार होते.

महाराष्ट्रातील बोलके उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचे आहे. १६ जुलै २००२ रोजी अर्ज केलेले व २००५ मध्ये मंजूर झालेले पेटंट क्र. १९५९०४ लहान इंजिनातील दोन स्पार्क प्लगच्या रचनेविषयी होते. सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर असा सांगितला होता. २००७ मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' ही दुचाकी जाहीर करताच वाद पेटला. होंडाच्या जुन्या अमेरिकन पेटंटमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग आधीच आहेत, असे टीव्हीएसचे म्हणणे होते. बजाजचा भर लहान व्यासाच्या इंजिनावर होता. येथेच खरा पेच आहे. दोन प्लग एवढाच दाव्याचा गाभा मानला, तर टीव्हीएसचे तीन झडपांचे इंजिन त्यात सापडते. पण मग होंडाचे जुने पेटंटही समोर उभे राहते. दावा अरुंद केला, तर तो तगतो. प्रतिस्पर्धी मात्र निसटू शकतो.

मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००८ मध्ये दिलेला अंतरिम मनाई हुकूम खंडपीठाने मे २००९ मध्ये रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००९ रोजी, विक्रीचा हिशेब ठेवण्याच्या अटीवर टीव्हीएसला मुभा देऊन मूळ दावा त्वरेने निकाली काढण्यास सांगितले. प्रत्यक्षात २०१९ मध्ये उभय कंपन्यांनी तडजोड केली. बारा वर्षे हा काळ दुचाकीच्या बाजारात थोडा नव्हे!

अध्यापकांच्या बाबतीत धोका बहुधा प्रतिस्पर्ध्याकडून येत नाही, स्वतःच्याच शोधनिबंधातून येतो. विद्वत्सभेत वाचलेल्या किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेल्या निबंधाला कलम ३१ बारा महिन्यांची सवलत देते; सर्वसाधारण नियतकालिकातील लेखाला ती आपोआप लाभत नाही. युरोपात तर निबंधवाचनासाठी अशी सवलतच नाही. नागपुरात १९८० साली पेटंट माहिती प्रणाली स्थापन झाली. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही याच शहरात आहे. अशा ठिकाणच्या अध्यापकाने पूर्वप्रसिद्धीचा शोध निबंध पाठविण्यापूर्वी घ्यावा आणि अर्जही, निदान तात्पुरत्या विनिर्देशासह, त्याआधीच दाखल करावा.