सांगाडा फिरवण्याआधी

धानाच्या पट्ट्यातल्या सिंदेवाहीच्या आसपास जुन्या गाडीला गंज चढवतो तो बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, चिखल. रोवणीच्या दिवसांत तो चाकांनी उडून गाडीच्या पोटात जातो, दारांखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साचतो आणि पाऊस संपला तरी ओल धरून बसतो. वरून रंग चकचकीत दिसतो, पण खालून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की थेट आत जातो. अशी गाडी पुन्हा उभी करायची तर तिचं पोट वर करून काम करावं लागतं. तिथूनच रोटिसरीचा विषय निघतो. दोन टोकांना दोन खांब, मधे गाडीचा उघडा सांगाडा, आणि भट्टीवर सळईला लावलेल्या कोंबडीसारखा तो गोल फिरतो. नावही त्या भाजण्यावरूनच आलं आहे. मात्र ती निवडताना आपल्याकडे ऐकीव सल्ल्यांवर फार भिस्त असते, आणि त्यातले काही सल्ले गाडी कायमची वाकडी करू शकतात.

‘जुनी गाडी म्हटली की रोटिसरी हवीच.’ आधी गाडीखाली पाहा. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपची चेसिस वेगळी आणि वरची बॉडी वेगळी. बोल्ट सोडले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि जुन्या टायरांवर उलटीही करता येते. चार-पाच माणसांचं काम आहे. जंगलाच्या या पट्ट्यात जीपच अधिक दिसते, म्हणून हे आधी सांगतो. जीपसाठी रोटिसरीवर पैसे घालू नका. स्टँडर्ड हेराल्डचीही चेसिस स्वतंत्रच. अॅम्बेसेडर आणि कुर्ल्याला बनलेली फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, यांची गोष्ट निराळी. या गाड्यांना स्वतंत्र चेसिस नाही; पत्र्याची बॉडी हाच त्यांचा कणा आहे. फ्लोअर आणि सिल मोठ्या प्रमाणात बदलायचे असतील तर इथे रोटिसरीचा खर्च सार्थकी लागतो. तळहाताएवढी दोन ठिगळं लावायची असतील तर चार भक्कम स्टँड पुरे.

पद्मिनीची मुंबईतली शेवटची नोंदणीकृत टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली. अॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. आता एक सांगाडा बिघडला की बदल्यात दुसरा सहज मिळेल, हे दिवस गेले.

‘जास्त टनांची घ्या, म्हणजे धोका नाही.’ इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीटा, दारं काढलेला सांगाडा काही शे किलोंचा असतो. एवढं वजन पेलणारे खांब बनवणं अवघड नाही. खरी अडचण समतोलाची असते. सांगाड्याचा गुरुत्वमध्य आणि फिरण्याचा अक्ष एका रेषेत नसतील तर यंत्र कितीही जाड असो, गाडी एका बाजूला ओढ घेणारच. हिशेब साधा आहे. ३०० किलोंचा सांगाडा अक्षापासून १० सेंटीमीटर सरकलेला असेल, तर आडव्या स्थितीत एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला ३० किलोंचा जोर लागतो. तोच सांगाडा २ सेंटीमीटरपर्यंत आणला की ६ किलोंत काम होतं, म्हणजे एका हाताने फिरवता येतो. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न टनांचा नको. ‘पकड वर-खाली किती सरकते, आणि वजन चढल्यावरही सरकवता येते का?’ असं विचारा. फ्लोअर जड आणि छत हलकं असल्यामुळे गुरुत्वमध्य डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा खाली असतो. पहिल्या फेरीत तो हळूहळू शोधावा लागतो.

उंचीचंही तसंच. अॅम्बेसेडर सुमारे १.६६ मीटर रुंद आहे. तिचा सांगाडा कोपरा न टेकता फिरायचा तर अक्ष जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास हवा, आणि वर टिनाच्या शेडची कैची आड येता कामा नये.

‘बंपरच्या जागी बोल्ट मारले की झालं. मग कापाकापी वर चढवूनच करायची.’ सगळ्यात जास्त गाड्या या समजुतीने खराब होतात, म्हणून इथे थोडं थांबतो. रस्त्यावर गाडीचं वजन चाकांजवळच्या चार जागांवर येतं. रोटिसरीवर तिला अगदी दोन टोकांना धरलेलं असतं. लांब फळी दोन टोकांवर ठेवली की मधे जशी झोळ खाते, तसाच सांगाडा दारांच्या जागी झोळ खाऊ पाहतो. तो झोळ अडवणारा मुख्य भाग म्हणजे सिल. आपल्याकडे नेमका तोच गंजलेला असतो, आणि आपण तोच कापायला निघालेलो असतो. आधाराशिवाय कापला तर दाराची चौकट काही मिलिमीटरने बदलते, नवा सिल त्याच वाकडेपणात वेल्ड होतो आणि गाडी खाली उतरल्यावर दार कधीच नीट लागत नाही. मग मिस्त्री दाराच्या बिजागऱ्या ठोकत बसतात. दोष बिजागरीत नसतोच.

क्रम असा ठेवा. गाडी स्वतःच्या चाकांवर असतानाच दारं लावून फटी मोजा. प्रत्येक चौकटीचे दोन्ही तिरके कर्ण टेपने मोजा आणि लिहून ठेवा. मग २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा आधार प्रत्येक चौकटीत आडवा-तिरका वेल्ड करा, आणि डाव्या-उजव्या चौकटी एकमेकींशी जोडा. बिनछताच्या गाडीला हा आधार दुप्पट हवा. सिल एका वेळी एकाच बाजूचा बदला. तो बदलताना गाडी स्टँडवर, चाकांच्या जागी टेकलेली असावी, हे माझं ठाम मत आहे. वर चढवायची ती त्यानंतर, खालचं वेल्डिंग, घासणं आणि रंग यांसाठी. पकडीची जागा गंजलेली असेल तर तिथे आधी जाड पट्टी बसवून भार पसरवा.

चढवल्यावर पहिल्यांदा गाडी फिरवताना कान द्या. बंद पोकळीत सुकलेला चिखल खुळखुळतो. जिथे आवाज येतो तिथे पाणी निघायची छिद्रं बुजलेली आहेत.

‘असलं यंत्र बाहेरूनच मागवावं लागतं.’ धानाच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे, दुरुस्त करणारे वेल्डर आहेत. सी-चॅनेल, एकात एक बसणारे दोन जाड पाइप, कुलूपबंद होणारी चाकं आणि खालून दोन्ही खांब जोडणारा दांडा, एवढंच सामान लागतं. दोन बाबतींत मात्र तडजोड नको. फिरणं थांबवायला आरपार जाणारी खीळ हवी, नुसता घट्ट करायचा स्क्रू नको. आणि खांब जोडणारा दांडा हवाच. त्याच्याशिवाय धक्का लागला की खांब एकमेकांपासून सरकतात. आणि गाडीवर वेल्डिंग सुरू करण्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढा.

‘खालचं काय, कुणी बघत नाही.’ पण नोंदणीची अट खालच्या भागालाही लागू आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत १० वर्षांची. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल नसावेत. तेव्हा मूळ आकाराचाच पत्रा बसवा, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा आणि चेसिस नंबरवर ग्राइंडर फिरू देऊ नका.

पावसाळ्यात हे काम काढू नका. उघड्या पत्र्यावर दमट हवेत रातोरात तांबूस थर चढतो आणि त्यावर मारलेला प्रायमर टिकत नाही. दिवाळीनंतर, धान निघून हवा कोरडी झाली की सुरुवात करा. वेल्डरकडे जाल तेव्हा रोटिसरीच्या चित्राआधी दारांच्या मापांचा कागद त्याच्या हातात द्या.