घनद्रवाने पृथक्करण आणि घोडकाठची मृत्तिका

उपणणे, पाखडणे व रोळणे ही तिन्ही क्रियापदे धान्य निवडण्याचीच होत. मात्र रोळण्याचे माध्यम वारा नसून पाणी आहे. धान्य व खडा दोन्ही पाण्याहून जड असल्यामुळे रोळताना हाताचे कौशल्य लागते. द्रवाची घनता या दोहोंच्या मधोमध ठेवता आली, तर हे काम द्रवच करील; हलके तरंगेल, जड बुडेल. घनद्रव-पृथक्करणाचे तत्त्व एवढेच आहे.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील होय. दौंड तालुक्यातील वाळकी हे तिचे समकालीन स्थळ. इ. स. पूर्व १००० नंतर इनामगावी शेतीचा ऱ्हास होऊन पशुपालन व शिकार यांवरील भिस्त वाढली, असे उत्खनकांचे प्रतिपादन आहे. अशा प्रतिपादनात धान्याच्या पुराव्याला मोठे महत्त्व असते.

जळालेले धान्य सच्छिद्र असल्याने माती पाण्यात कालवली असता वर येते. तथापि चुन्याने छिद्रे भरलेला दाणा बुडतो, आणि न जळालेला दाणा बहुधा टिकतच नाही. म्हणून दुसरा साक्षीदार हवा. गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशींत साचणारे सिलिकामय कण, म्हणजे फायटोलिथ, अग्नीवाचूनही मातीत टिकतात. त्यांची घनता सुमारे १·५ ते २·३, तर क्वार्ट्‌झची २·६५ असते. साहजिकच २·३ ते २·४ घनतेचा द्रव त्यांना वेगळे करतो.

पूर्वी ब्रोमोफॉर्म (घनता २·८९) वापरीत. ते विषारी आहे. सोडियम पॉलीटंगस्टेट पाण्यात विरघळते व त्याच्या द्रावणाची घनता सुमारे ३·१ पर्यंत नेता येते. २·९ घनतेच्या १०० मिलिलिटर द्रावणात सुमारे ४६ मिलिलिटर पाणी घातले की ती २·३ होते. वापरलेले द्रावण गाळून व आटवून पुन्हा उपयोगात आणता येते. सूक्ष्म कण अतिशय मंदगतीने बसतात, यासाठी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी लागते.

दख्खनच्या मातीत मात्र दोन अडचणी संभवतात. पहिली चुनखडीची: कॅल्शियमशी संयोग होऊन टंगस्टेटचा साका बसतो व द्रावण वाया जाते; तेव्हा सौम्य आम्लाने चुना आधी काढून माती धुणे अवश्य आहे. काळ्या मातीतील चिकणकणही आधीच विलग करावे लागतात. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइटांपैकी स्टिल्बाइटची घनता सुमारे २·२ असते. शिवाय कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीय राखेचा थर आहे, आणि कुकडी घोड नदीलाच मिळते. अशा राखेतील काचकणांची घनताही २·३ ते २·४ च्या आसपास असते. म्हणजे धान्याच्या तुसातील सिलिका, खडकातील स्फटिक व राखेतील काच ही तिन्ही एकाच तरंगात वर येऊ शकतात.

यावरून निष्पन्न होते ते असे, की द्रव घनता ओळखतो, पदार्थ ओळखीत नाही. वर आलेला कण कोणता, हे सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आकारावरूनच ठरवावे लागते. तसेच एखाद्या थरात धान्य आढळले नाही असे म्हणताना ते कोणत्या घनतेच्या द्रवात आढळले नाही, हेही नमूद केले पाहिजे. अन्यथा पद्धतीची मर्यादा इतिहासातील दुष्काळ म्हणून नोंदली जाण्याचा संभव आहे.